काटा टिकलीच्या अलीकडे

दिवाळीच्या आधी व्हिडिओ कॉलवर तुम्ही दोघांनी विचारलं होतं, "आजी, मागे बाजेवर काय वाळत घातलंय?" तेव्हा मी "सावकाश सांगेन" म्हणाले होते. त्या कुरडया नव्हत्या. आजोबांच्या जुन्या धोतरावर ओळीने मांडलेली ती त्यांची मोटरसायकल होती. निदान तिचे ब्रेक आणि मीटर तरी होते. ज्या क्रमाने भाग निघाले, त्याच क्रमाने डावीकडून उजवीकडे मी ते मांडत गेले होते. क्रम माझा आणि हात आजोबांचे, अशी आमची वाटणी होती.

गाडी तुम्ही फोटोत पाहिली आहे. काळी, गोल टाकीची, तुमच्या बाबांना शाळेत सोडणारी. आपल्या मालेगावात ती सगळ्यांना आवाजावरून ओळखू येते. (मालेगाव म्हटलं की तुम्ही नकाशात नाशिककडचं पाहता. आपलं मालेगाव वाशीम जिल्ह्यातलं, आणि किन्हीराजा त्याच तालुक्यातलं गाव.) किन्हीराजाला आजोबांची मोठी बहीण राहते. तुम्ही त्यांना आत्याआजी म्हणता, आम्ही सगळे बाई म्हणतो. आजोबांची आई लवकर गेली, त्यामुळे त्यांना न्हाऊमाखू घालून शाळेत धाडलं ते बाईंनी. स्वतः मात्र त्या शाळेची पायरी चढल्या नाहीत.

आमच्याकडे दिवाळीला बहिणीला माहेरी आणायला भावाने स्वतः जायचं असतं. अशा भावाला मुऱ्हाळी म्हणतात. बोलावणं फोनवर केलं तर ते बोलावणं नव्हे. आजोबा आमच्या लग्नाआधीपासून दर दिवाळीला मुऱ्हाळी होऊन जात आले, आणि गाडी घेतल्यापासून गाडीवरून. बाईंना बंद गाडीत बसवत नाही. एसटी असो की जीप, पहिल्या वळणालाच त्यांना मळमळतं. मोटरसायकलवर मात्र त्या राणीसारख्या बसतात, आणि भावाच्या खांद्यावरून पुढे मीटर बघत राहतात.

मीटरच्या काचेवर बाईंची एक टिकली असायची. आकडे त्यांना वाचता येत नाहीत. म्हणून पहिल्याच वर्षी त्यांनी आजोबांना सावकाश गाडी चालवायला लावली, आपल्याला बरं वाटलं तिथे काटा कुठे आहे ते पाहिलं, आणि कपाळावरची टिकली काढून तिथे चिकटवली. "काटा टिकलीच्या म्होरं गेला तं मी उतरतो, सांगून ठेवतो बापू!" ती जागा तिसाची होती. वेगमर्यादा ठरवण्याची याहून सोपी रीत मी कुठल्याही पुस्तकात वाचलेली नाही.

मग एका वर्षी मीटरचा काटा शून्यावर अडकला. टिकली होती, काटा हलेना. बाई कुरकुरत बसल्या. नंतर ब्रेक गेले. बाजारातून येताना आजोबांनी ब्रेक दाबला, गाडी थांबली नाही, आणि ते गल्लीच्या तोंडाशी सोयाबीनच्या कुटाराच्या, म्हणजे भुशाच्या, ढिगात शिरले. लागलं काही नाही. कुटार झाडत आले आणि म्हणाले, "कुटार नसतं तं पाटलाच्या म्हशीवर गेलो असतो." त्या दिवशी मी गाडीची किल्ली माझ्या कपाटात ठेवली.

त्या दिवाळीला ते भाड्याची जीप घेऊन मुऱ्हाळी गेले. बाई नवं लुगडं नेसून बसल्या, गावाच्या वेशीपर्यंत आल्या, ओकल्या, आणि उतरून पायी घरी परत गेल्या. भाऊबीजेला आजोबांना त्यांच्या घरी जाऊन ओवाळून घ्यावं लागलं. ते झालं, पण बाईंचं माहेर झालं नाही. आल्यावर आजोबा मला एवढंच म्हणाले, "बाई म्हने, आता माहेर पुरे झालं. म्हातारी झालो." हे वाक्य त्यांना फार लागलं होतं. जेवताना त्यांनी ते पुन्हा म्हटलं, माझ्याकडे न बघता.

यंदा पोळा झाल्यावर त्यांनी किल्ली मागितली. मी अट घातली. ब्रेक लागला पाहिजे, काटा हलला पाहिजे, आणि दोन्ही मी स्वतः पाहिल्याशिवाय बाईंना मागे बसवायचं नाही.

"मंजूर," ते म्हणाले.

गावातल्या मेकॅनिकने गाडीकडे एकदा आणि आजोबांकडे एकदा पाहिलं. "सर, हिचं सामान आता येत नाही. भंगारात द्या, नाहीतर शोला ठेवा."

"शोले ठेवाले मी हावो नं घरात," आजोबा म्हणाले आणि गाडी ढकलत घरी घेऊन आले.

तुम्हाला माहीत आहे, आजोबा चित्रकलेचे शिक्षक होते. यंत्राचं शिक्षण त्यांना नाही. पण बघण्याचं आहे. पुढचं चाक काढल्यावर ते लगेच काही उचकटायला गेले नाहीत. स्टुलावर बसून, वर्गात मुलांना मडकं बघायला लावायचे तसं, ते ड्रम बघत बसले. ड्रम म्हणजे चाकाच्या मधला पोकळ डबा. ब्रेक दाबला की त्याच्या आतले दोन अर्धगोल तुकडे, म्हणजे ब्रेक शू, फाकतात आणि डब्याला घासून चाक थांबवतात. त्या शूंवरचं लायनर, म्हणजे घासणारा थर, काचेसारखं गुळगुळीत झालं होतं. मागच्या चाकाच्या शूंनी तर साखळीचं तेल पिऊन टाकलं होतं. आतली धूळ ते फुंकणार तेवढ्यात मी ओलं फडकं पुढे केलं. ती धूळ छातीला वाईट असते, एवढं मला माहीत होतं. त्यानंतर फुंकर बंद.

एक बोल्ट गंजून बसला होता. मी असते तर हातोडा घेतला असता. त्यांनी तेल सोडलं आणि चहा मागितला.

"अहो, तो निघाला नाही अजून."

"त्याले जरा इचार करू द्या."

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेल, पुन्हा चहा. तिसऱ्या खेपेला पान्याला नुसता झटका दिला तर बोल्ट निमूट फिरला. इतक्या वर्षांच्या संसारात माझ्याशीही ते असेच वागत आले आहेत, हे मला तेव्हा कळलं. 

शूंना वाशीमहून नवं लायनर लावून आणलं. ब्रेकची वायर आत कोरडी पडली होती. तिच्या टोकाला प्लास्टिकच्या पिशवीचं नरसाळं बांधून त्यांनी ती खिळ्याला टांगली आणि थेंब थेंब तेल खालून बाहेर येईपर्यंत तशीच ठेवली.

मग मीटर. दोन होते. छोटं बॅटरीचं. हॉर्न वाजवला की त्याचा काटा दचकायचा. त्याची तार तेवढी कुजली होती. मोठं मीटर वेगाचं. त्याच्या काचेभोवतीची पत्र्याची कडी काचेवर दुमडून बसवलेली असते. ती त्यांनी करंजीची मुरड उलगडावी तशी कडेकडेने उलगडली. काच निघाली आणि आम्ही दोघं बघतच राहिलो. आत गुलाबी चिखल वाळून बसला होता.

आजोबांनी बोटाने तो घासला, नाकाशी नेला आणि हसायला लागले. "अवं, हे तं बाईचं कुंकू!"

लक्ष्मीपूजनाला गाडीची पूजा बाईच करायच्या. लोक चाकाला कुंकू लावतात, नारळ चाकापुढे फोडतात. बाईंना ते पटत नसे. "पायाले कुंकू लावून काय होते? तोंडाले लावा लागते." त्यांच्या मते मीटर हे गाडीचं तोंड. त्यामुळे दर दिवाळीला हळद, कुंकू आणि वरून नारळाचं पाणी, सगळं काचेवर. कडीच्या फटीतून ते थोडं थोडं आत गेलं आणि शेवटी काट्याचा पाय धरून बसलं.

"बाईंना सांगून टाका," मी म्हणाले. "यंदा पाणी घालू नका म्हणावं."

"सांगू नोका तुमी," ते एकदम म्हणाले. "तिले वाटन माह्यामुळं गाडी बिघडली. मंग थे गाडीवर बसनच नाय."

त्यांनी रांगोळीच्या मऊ ब्रशाने मीटरमधलं एकेक दातेरी चाक साफ केलं, शिलाई मशीनचं तेल काडीच्या टोकाने लावलं, काट्याजवळ मात्र तेल जाऊ दिलं नाही. तबकडी उन्हाने विटली होती, पण तिसाजवळ एक गोल डाग मूळच्या काळ्या रंगाचा राहिला होता. टिकलीच्या सावलीतला. बाकीचे आकडे त्यांनी बारीक ब्रशाने उजळले, तो डाग तसाच ठेवला. आणि कडी पुन्हा दुमडण्याआधी सायकलच्या जुन्या ट्यूबमधून एक गोल चकती कातरून काचेखाली बसवली.

"हे काय?"

"बाईले थांबवता येत नाय. पान्याले तं थांबवता येते."

मला त्यांचं खरं कौतुक वाटलं ते या रबराच्या चकतीचं. ब्रेक काय, कोणी शिकवला तर मीही दुरुस्त करीन.

पुढचं चाक हाताने फिरवून काटा हलतो हे मी पाहिलं. ब्रेकची परीक्षा आमच्या गल्लीत झाली, आणि तेवढ्यापुरती किल्ली मी काढून दिली. मी रस्त्यावर खडूने आडवी रेघ मारली आणि रेघेवर उभी राहिले.

"तुमी बाजूले व्हा. नाय थांबली तं?"

"नाही थांबली तर बाई येणार नाहीत. या तुम्ही."

गाडी आली, ब्रेक लागला, पण घसपटत रेघ ओलांडून गेली. मी बाजूला झाले होते, हे सांगायला हवं. आजोबांनी चाक पुन्हा काढलं, माझाच खडू घेतला आणि ड्रमच्या आत सगळीकडे पांढरा फासला. चाक फिरवून ब्रेक दाबला, परत उघडलं. लायनरवर खडू फक्त एका टोकाला लागला होता. म्हणजे तेवढंच टोक टेकत होतं. ते टोक पॉलिश पेपरने घासलं, पुन्हा खडू, पुन्हा फिरवणं. नवरात्र उलटलं तरी हेच चाललं होतं. शेवटी एका सकाळी लायनर या टोकापासून त्या टोकापर्यंत पांढरं झालं. त्यांनी मला हाक मारून दाखवलं. वहीत मुलाचं चित्र जमलं की ते असेच बोलवायचे.

या वेळी गाडी रेघेच्या कितीतरी अलीकडे थांबली. मी किल्ली कपाटात परत ठेवली नाही, त्यांच्याच हातात राहू दिली.

धनत्रयोदशीला ते मुऱ्हाळी गेले. दुपारपर्यंत मी फाटकाशी तीनदा गेले असेन. मग ओळखीचा आवाज आला. बाईंच्या डोक्यावर पदर, पदरावर हेल्मेट, आणि मांडीवर अनारशांचा डबा. उतरताच म्हणाल्या, "वयनी, रस्त्यात बकऱ्या आल्या एकदम. मी म्हटलं गेलो आता. तं यानं अशी उभी केली गाडी, जशी खुट्याले बांधली!"

"मळमळलं का?"

"कायले मळमळते? लय वारा होता."

लक्ष्मीपूजनाला बाईंनी गाडीच्या तोंडाला हळदकुंकू लावलं आणि नारळ फोडून सगळं पाणी मीटरवर ओतलं. आजोबांनी माझ्याकडे पाहिलं. पाणी काचेवरून ओघळून खाली गेलं. आत थेंब नाही. टिकली मात्र वाहून गेली.

"वयनी, तुही टिकली दे."

मी कपाळावरची काढून दिली. बाईंनी ती तिसाच्या डागावर धरली, जरा विचार केला, आणि बोटभर पुढे नेऊन चिकटवली.

"बाई, ते चाळीस झालं," मी म्हणाले.

"मंग? थांबते नं आता गाडी?"

"माझी अट तिसाची आहे."

"तू मांगं बसते का? बसतो मी. तुले काय करायचं?"

आजोबा मीटर पुसत होते. त्यांनी मान वर केली नाही, पण कान लाल झाले होते. बहिणीने दिलेलं प्रमाणपत्र ते असं घेतात.

भाऊबीज आटोपून ते बाईंना पोचवायला निघाले तेव्हा मी फाटकात उभी होते. बाईंनी खांद्यावरून मीटरकडे डोळे लावले. कोपऱ्यावर पाटलांची म्हैस आडवी आली. गाडी थांबली. म्हैस सावकाश पलीकडे गेली, मग गाडी गेली.