अस्लाक पाद्र्याने मागितलेली जागा

आमच्याकडे कोंबडी शिजली की तिच्या शेपटाकडचा तुकडा घरातल्या सर्वांत मोठ्या माणसाच्या ताटात जातो. अस्लाक पाद्री नॉर्वेहून आमच्या गावात आला, त्या दिवशी माझ्या रात्सिंबा काकांनी तो मानाचा तुकडा स्वतःच्या ताटातून उचलून त्याला वाढला. पाद्र्याने तो बोटांनी चाचपला, नाक मुरडलं आणि कुत्र्याला टाकला. सगळं गाव बघत होतं. त्यानंतर काकांनी पाद्र्याचं नाव म्हणून कधी तोंडातून काढलं नाही.

नवा माणूस आहे, त्याला काय कळणार, असं म्हणून मी ते सोडून दिलं. पण हा गृहस्थ मादागास्करात अकरा वर्षं राहिला, आमची भाषा आमच्याहून नेटकी बोलायला लागला, आणि तरी त्याने कधी कुणाला काही विचारलं नाही. याला फक्त सांगायचं माहीत.

विचारायची ती त्याची बायको, सिनेवबाई. सकाळी चर्चच्या पडवीत बसून ती पोरांच्या जखमा धुवायची, म्हाताऱ्यांना औषध पाजायची. दुपारी आम्हाला शिवण शिकवायची आणि आमच्याकडून भात सडायला शिकायची. मुसळ हमखास उखळाबाहेर पडायचं. आम्ही पोट धरून हसायचो, तीही हसायची. तो तेव्हा आत उपदेश लिहीत बसलेला असायचा आणि कॉफी गार झाली की हाक मारायचा.

भात कापून झाला की दोघं गावोगाव फिरायला निघायची. नदीपर्यंत जीप, पुढे पायी. एकदा मीही बरोबर गेले. तो ढांगा टाकत पुढे, ही औषधांची पेटी घेऊन मागे, पायांना हे एवढाले फोड. चढावर एकदाही त्याने वळून पाहिलं नाही. लोकांनी पाय धुवायला पाणी तापवून ठेवलेलं असायचं, आणि हा आल्या आल्या अंगणात उभा राहून उपदेश सुरू करायचा.

"बाई, तुमचा नवरा चालतो की पळतो?" मी तिला विचारलं.

"पळतो गं," ती पेटी खाली ठेवत म्हणाली. "त्याच्या मागे कोण लागलंय, ते मला अजून कळलं नाही."

त्यांना एकच मुलगी होती, सिग्ने. मी रेशीम विणते. ती माझ्या मागाजवळ येऊन बसायची आणि धाग्यांचा गुंता करून ठेवायची. पाद्री फेरीवर असताना ती तापाने गेली. चार वर्षांची पोर. बाई आणि मी तिच्या उशाशी होतो. निरोप गेला, पण तो परतेपर्यंत पोर थंड झाली होती. चर्चमागे निलगिरीखाली त्याने तिला एकटीला पुरलं आणि आम्हा सगळ्यांना सांगितलं, "इथे कुणी नाही. ही नुसती माती आहे. ती देवाजवळ गेली." डोळ्यांत टिपूस नव्हतं.

आमच्या बायकांच्या अंगावर काटा आला. आमच्यात कुणाला असं एकटं ठेवत नाहीत. प्रत्येक घराण्याचं डोंगरउतारावर दगडी घर असतं, त्यात आजी, पणजी, काका, आत्या शेजारी शेजारी निजतात. काही वर्षांनी थंडीत आम्ही ते दार उघडतो, आपल्या माणसांना बाहेर आणतो, नव्या रेशमात गुंडाळतो, मांडीवर घेतो, घरात काय काय झालं ते सांगतो. मग वाजवत नाचवत परत आत ठेवतो. ते रेशीम माझ्या मागावर विणलं जातं.

पाद्र्याच्या मते हे पाप. आम्ही माझ्या बाबांना बाहेर काढलं, त्या वर्षी सिनेवबाई कुंपणापाशी उभी राहून बघत होती. माझी आई बाबांना मांडीवर घेऊन कुरकुरत होती, "गाय व्याली हो, पण जावई अजून तसाच आळशी." बाई तिथून हलेचना. पुढच्या रविवारी पाद्र्याने भर चर्चमध्ये माझं नाव घेतलं. वर्षभर मला प्रभुभोजनाची भाकर बंद. मी मागच्या बाकावर बसले आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. बाई मान खाली घालून पेटी वाजवत होती. तिचाही मला राग आला.

मग त्यांना कायमचं मायदेशी बोलावल्याची बातमी आली. दुसऱ्याच दिवशी बाई माझ्या मागाशी येऊन उभी राहिली.

"नोरो, मला एक रेशीम विणून दे. लहानसं."

मी धोटा खाली ठेवला. "आता? आता आठवण झाली? सात वर्षं तुम्हा नवराबायकोच्या लेखी ती माती होती ना?"

"माझ्या लेखी नव्हती," ती म्हणाली. "मी गेले की तिच्याजवळ कुणी येणार नाही. तुमच्या घरात तिला जागा द्याल?"

मला वाटेल ते बोलता आलं असतं. मी मागावर नवे धागे चढवले.

जागा देणं माझ्या हातात नव्हतं. आम्ही दोघी काकांकडे गेलो. ते बाईला बसायला चटई देऊन म्हणाले, "पोरीशी आमचं भांडण नाही. पण आमचं घर म्हणजे धर्मशाळा नव्हे. तिच्या बापाने यावं, दारात उभं राहून सगळ्यांसमोर मागावं. ज्या तोंडाने आम्हाला नावं ठेवली, त्याच तोंडाने."

"तो नाही येणार, काका," बाई म्हणाली.

"मग दार उघडायचं नाही तिच्यासाठी."

मी तडक पाद्र्याकडे गेले. तो पुस्तकं खोक्यात भरत होता. मी त्याला काकांची अट सांगितली. "नोरो, मी हे मागितलं तर इतकी वर्षं मी इथे काय केलं?" तो म्हणाला.

"लष्कराच्या भाकऱ्या भाजल्यात!" मी ओरडले. "आणि घरची पोर उपाशी ठेवलीत! तुम्ही जाल बोटीत बसून. ती कुणाकडे बघणार?"

"ती तिथे नाही." एवढंच बोलून तो पुन्हा पुस्तकं भरायला लागला. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

त्या थंडीत आमच्या घराण्याची पाळी होतीच. आदल्या दिवशी बाईने आणि मी निलगिरीखाली खणलं. इतकुसं गाठोडं झालं. दुसऱ्या दिवशी दगडी घरापाशी सनया-ढोल वाजत होते, लोक जेवत होते, आणि बाई ते रेशीम मांडीवर घेऊन दारापासून लांब बसली होती. काकांनी विचारलं नाही, तिनेही मागितलं नाही. आमची सगळी माणसं एकेक करून आत गेली. ऊन कलायला लागलं. सूर्य बुडायच्या आत दार लावावंच लागतं. काकांनी वाजंत्री थांबवली.

तेव्हा तो खालून चढत आला. टोपी हातात, दम लागलेला. काकांसमोर उभा राहिला. आमच्यात मागणं मागायचं तर आधी क्षमा मागतात, वडीलधाऱ्यांना वंदन करतात, मग कुठे विषयाला येतात. याला ती सगळी भाषणं तोंडपाठ होती. त्यातलं एक अक्षर त्याच्या तोंडून निघेना.

"तिला एकटीला झोप येत नाही," तो म्हणाला. "भीती वाटते तिला. तिला आत घ्या."

काका दारातून बाजूला झाले आणि हात पुढे करून म्हणाले, "दे तिला इकडे, अस्लाक."

बाईने गाठोडं उचलून त्याच्या हातात दिलं. त्याला ते धरता येईना. मला खालून आधार द्यावा लागला. सिग्नेला माझ्या आजीच्या कुशीला ठेवलं. सगळ्या बायका रडल्या. मी नाही रडले.

बाहेर येताच मी त्याला अडवलं. "पाद्रीसाहेब, ती एकटी आहे हे तुम्हाला ठाऊक होतं?"

"हो."

"सगळी वर्षं?"

"हो."

"मी बाबांना मांडीवर घेतलं म्हणून माझं नाव पुकारलंत, त्या रविवारीही?"

"त्या रविवारी सगळ्यांत जास्त," तो म्हणाला.

बाईने माझा दंड धरला. "नोरो, राहू दे." का म्हणून राहू दे? मी त्याच्या तोंडावर थुंकले असते. पण काका दार लावत होते, आणि दार लागत असताना आमच्यात भांडत नाहीत. आतल्यांना ऐकू जातं.