सात आसनं आणि आईंची जागा

पहाटे साडेपाचला आम्ही पुणं सोडलं तेव्हा सोसायटीचा वॉचमन गेटजवळ उभा राहून गाडीकडे बघत होता. गाडी आमची नव्हती. माझा नवरा नितीन याचा कॉलेजातला मित्र समीर, त्याची ती. काळी, परदेशी बनावटीची, डोंगरदऱ्या तुडवणारी म्हणून नावाजलेली. समीर नोकरीसाठी देशाबाहेर चालला होता. "चार दिवस घेऊन जा, वाट्टेल तिथं चालव, आणि घ्यायची का नाही ते सांग," असं म्हणून त्याने किल्ली नितीनच्या हातात ठेवली होती.

आम्हाला मोठी गाडी हवी होती हे खरं. ओवी सात वर्षांची, मिहिर चार वर्षांचा, आणि मला पाचवा महिना लागलेला. शिवाय आमच्याबरोबर माझ्या सासूबाई, म्हणजे आई. जुन्या गाडीत सगळे मावत नसत. कुठे जायचं ठरलं की आई आधीच सांगून टाकत, "तुमी जा, मला न्हाई होत बाई प्रवास." आम्हीही ते खरं मानायचो. त्यांचं माहेर बीड जिल्ह्यात, केज तालुक्यात, नांदूरघाटच्या पुढं ओढ्यापलीकडचं लहानसं गाव. तिथं त्यांची थोरली बहीण, सरूमावशी, एकटी राहते. दोघी बहिणींची चार वर्षांत भेट नव्हती. गाडीची परीक्षाही होईल आणि आईंना मावशीही भेटेल, असा आमचा बेत होता.

पहिली अडचण दारातच आली. गाडीची पायरी माझ्या गुडघ्याएवढी उंच. मधल्या रांगेत मुलांच्या दोन बैठका पट्ट्यांनी घट्ट बांधलेल्या, त्यामुळे कुणीतरी मागच्या रांगेत जाणं भाग होतं. मी जाते म्हटलं तर आई ऐकेनात. "पोटुशी बाई मागं बसती व्हय? मी बसते." नितीनने एका बाजूने, मी दुसऱ्या बाजूने धरलं. मधली बैठक पुढे पाडली आणि त्या फटीतून आई जवळजवळ रांगत मागे गेल्या. मी स्वतः फिजिओथेरपिस्ट आहे, दिवसभर लोकांचे गुडघे तपासते. तरी त्या सकाळी मी एवढंच म्हणाले, "बसल्या ना नीट? झालं तर मग."

रस्त्याला लागल्यावर मात्र गाडीने आम्हाला जिंकलं. आवाज नाही, धक्का नाही. मला जुन्या गाडीत घाट आला की उलटी व्हायची, इथं नगर आलं तरी पोट शांत. मुलं छताच्या काचेतून आभाळ बघत होती. नितीन दर दहा मिनिटांनी म्हणायचा, "बघितलंस? कळलं तरी का खड्डा?" आणि मला खरंच कळलेला नसायचा.

नगर सोडून पूर्वेकडे निघालो तसा रस्त्याच्या दोन्ही बाजूंचा रंग उडत गेला. पावसाने सलग दुसऱ्या वर्षी पाठ फिरवली होती. आष्टी तालुक्यात शिरल्यावर शेतात नुसती ढेकळं. कड्याला चहाला थांबलो. तिथला सहकारी साखर कारखाना गावाची ओळख; ऊसच नसल्याने त्याची चिमणी थंड होती. टपरीवरचे काका म्हणाले, "हंगाम चालू असता तर तुमाला गाडी लावाया जागा सापडली नसती इथं. बैलगाड्या, ट्रॅक्टर, नुसती जत्रा. आवंदा (यंदा) मीच माशा मारतोय." बोलताना हसत होते. मुलांना त्यांनी वरून एकेक खारी दिली.

मी खिडकीशी जाऊन विचारलं, "आई, चहा?"

"नगं."

"पाणी तरी?"

"हाय माज्याजवळ."

त्यांच्या शेजारी कप्प्यात बाटली होती. ती भरलेलीच आहे हे मला दिसलं नाही, कारण मी बघितलंच नाही.

जामखेड, पाटोदा, मांजरसुंबा. डोंगर उघडेबोडके, पण उन्हात त्यांची धार फार सुरेख दिसत होती. रस्त्याकडेला एक चारा छावणी (दुष्काळात जनावरं सांभाळायचा तळ) लागली. शेडनेटखाली शेकडो गाई-बैल, आणि प्रत्येकाच्या जवळ घरातलं कुणीतरी बसलेलं. ओवीने विचारलं, "आई, हे लोक इथंच राहतात?" मी म्हणाले, "गाय इथं आहे म्हणून तेही इथं आहेत." तिला ते पटलं.

केजला पोचलो तेव्हा दुपार झाली होती. तहसीलसमोर एसटीची आणि जीपवाल्यांची गर्दी. मावशीसाठी औषधं घेतली. फळांच्या गाड्यावरच्या चाचांनी नितीनला मोसंबी निवडून देताना गाडीला एक प्रदक्षिणा घातली. "बहोत अच्छी हाय साहेब. घरची का?" नितीन म्हणाला, "बघतोय घ्यायची का." चाचा म्हणाले, "बघा, बघा. बघायला काय जातंय!" खानावळीत पिठलं, ज्वारीची भाकरी, ठेचा आणि कांदा. चवीने जेवलो. आई उतरल्या नाहीत. मी पार्सल नेऊन दिलं, त्यांनी चतकोर भाकरी खाल्ली. "घसा कोरडा पडतोय, नगं जास्ती," म्हणाल्या. हे वाक्य मी ऐकलं आणि मुलांचे हात धुवायला वळले. आजही ते आठवलं की मला माझाच राग येतो.

नांदूरघाटच्या पुढं पुलाचं काम चाललेलं. वळसा घालून जायचा रस्ता होता, पण नितीनला ओढा कोरडाठाक दिसला. एवढ्यासाठीच तर गाडी आणली होती. त्याने एक बटण फिरवलं, गाडी बोटभर वर उचलली गेली, आणि आम्ही पात्रात उतरलो. वाळू, गोटे, पलीकडे उभी दरड. गाडी दमदार गुरगुरत ती दरड चढून वर आली. मुलांनी टाळ्या वाजवल्या. मीसुद्धा. मागून आईंचा "अगं बाई गं" असा बारीक आवाज आला, तो आम्ही कौतुकाचा समजलो.

आणि मग सपाट रस्त्यावर, गावाच्या तोंडाशी, महिला दूध संस्थेच्या इमारतीसमोर, जमिनीतून वर आलेल्या एका लोखंडी अँगलने पुढच्या चाकाची बगल चिरली.

नितीन उतरला. जास्तीचं चाक होतं, जॅक होता. पण चाकाच्या पाच नटांतला एक नट चोरांपासून बचावाचा, निराळ्या घाटाचा. त्याला निराळा पाना लागतो. समीरला फोन लावला. तो म्हणाला, "अरे देवा, तो घरी ड्रॉवरमध्येच राहिला." नितीन चाकाजवळ उकिडवा बसून राहिला.

संस्थेतून एक बाई बाहेर आल्या. पन्नाशीच्या, नऊवारी नेसलेल्या, हातात दुधाचं माप. त्या कौसाबाई, संस्थेच्या चेअरमन. "उनात कावून (का) थांबलाव? लेकरं घेऊन आत या की."

मुलं उतरली. मी मधली बैठक पाडली आणि आईंना हात दिला. त्यांचा हात गरम आणि कोरडा होता. फटीतून बाहेर येता येता त्यांचे डोळे पांढरे झाले आणि सगळं अंग माझ्यावर आलं. मी किंचाळले. नितीन धावला. कौसाबाईंनी माप खाली टाकलं आणि आईंना काखेत धरून वट्ट्यावर (ओट्यावर) आडवं केलं.

मी नाडी बघितली. जोरात पळत होती. ओठांना चिरा पडलेल्या. मागे जाऊन बाटली उचलली. तिचं झाकणही उघडलेलं नव्हतं. पहाटेपासून दुपारचे चार वाजेपर्यंत घोटभरसुद्धा नाही.

कौसाबाईंनी आतून पाण्याचे दोन तांबे आणले. त्या गावात पाच दिवसांतून एकदा टँकर येत होता, हे मला नंतर कळलं. तेव्हा त्यांनी हातच आखडला नाही. एका तांब्यातलं पाणी आईंच्या डोक्यावर, मानेवर, पायांवर थापलं. दुसऱ्यात मी मीठसाखर ढवळून ठेवली. दहा मिनिटांनी आईंनी डोळे उघडले, तसं ते पाणी मी चमच्याचमच्याने पाजलं. वीस मिनिटांनी त्या बोलल्या.

"आजी, पानी कावून पेलं न्हाई? गाडीत न्हवतं का?" कौसाबाईंनी विचारलं.

आईंनी आमच्याकडे बघितलं, मग पदराकडे. "पेलं तर उतरावं लागतंय. उतरायचं म्हणलं तर दोघांनी धराया लागतंय, लेकरांना उतरवून मधली शीट पाडाया लागती. हिचे असे दिवस. किती येळा तरास द्यायचा? आन् पोराला गाडी लई आवडलीय."

नितीन आईंच्या पायाशी बसला होता. त्याने त्यांचे तळवे हातात घेतले आणि चोळू लागला. बराच वेळ चोळत होता.

कौसाबाईंनीच नांदूरघाटला फोन करून मेकॅनिक बोलावला. हमीदभाई मोटरसायकलवर अवजारांची पिशवी लटकवून आले. नट बघून त्यांनी मान हलवली. "चोरासाठी केला, आन् मालकच अडकला. थांबा, करू कायतरी." पिशवीतून त्यांनी एक जुना सॉकेट पाना निवडला, नटापेक्षा केसभर लहान. तो नटावर धरून हातोड्याने ठोकत ठोकत बसवला, मग लांब पाइप घालून दोघांनी जोर लावला. कट् असा आवाज झाला आणि नट सुटला. नितीनने त्यांना मिठीच मारली.

चाक बदलताना नितीनने विचारलं, "हमीदभाई, तुम्ही एवढ्या गाड्या बघता. ही घ्यावी का?"

ते हात पुसत म्हणाले, "गाडीत खोट न्हाई साहेब. इंजिन बघूनच कळतंय. एकटा मानूस असंल, जंगलात फिरनार असंल, तर हिच्यासारखी न्हाई. घरात मानसं किती?"

"आत्ता पाच. लवकरच सहा."

"मग घरातल्या सगळ्यात थकलेल्या मानसाला दार उघडून आपल्या आपन बसता येतंय का, एवढं बघा. मी तर गिऱ्हाइकाला हेच सांगतो."

तोवर संस्थेचा दुधाचा टेम्पो निघायच्या तयारीत होता. त्याची पुढची बैठक बुटकी. आई कौसाबाईंच्या खांद्यावर हात ठेवून सहज आत बसल्या आणि आम्ही त्यांच्या मागोमाग मावशीच्या दारात पोचलो. सरूमावशी काठी टेकत बाहेर आली. दोघी बहिणी एकमेकींचे चेहरे हातांनी चाचपत राहिल्या. मावशी म्हणाली, "वाळलीस गं." आई म्हणाल्या, "तू काय भिजलीस व्हय?" आणि दोघी हसायला लागल्या, हसता हसता रडायला लागल्या. आम्ही उंबऱ्याबाहेरच थांबलो.

दोन दिवस राहिलो. सकाळी मावशीबरोबर मुलं छावणीत तिच्या गाईला भेटून आली. दुसऱ्या दिवशी मी कौसाबाईंकडे संस्थेत गेले. दूध निम्म्याहून कमी झालं होतं, तरी रोज दोन्ही वेळा केंद्र उघडत होत्या. "बंद केलं तर बाया गाया इकत्याल," त्या म्हणाल्या. "थोडं का होईना, आमी घेतो. चालू हाय म्हणून धीर हाय." तिथल्या पाच-सहा जणींचे गुडघे मी तपासले, व्यायाम दाखवले. माझ्याकडून देण्यासारखं तेवढंच होतं. निघताना कौसाबाईंनी एक रिकामा दुधाचा क्रेट पुढे केला. "हा पालथा घालून पाय ठिवा आजींनी. पुण्यापतुर उपेगी पडंल."

परतताना जागा बदलल्या. आई पुढे बसल्या, मी गाडी चालवली, आणि सहा फुटांचा नितीन मागच्या रांगेत गुडघे हनुवटीला लावून. नेकनूर यायच्या आधीच त्याने विचारलं, "जरा थांबतेस का?" मी थांबले. जामखेडच्या पुढे पुन्हा थांबले. प्रत्येक वेळी क्रेट खाली ठेवला, आई उतरल्या, पाणी प्यायल्या. एका ठिकाणी तर त्यांनी स्वतःहून चहा मागितला, वर "साखर जास्ती टाका" असं टपरीवाल्याला बजावलं.

समीरला किल्ली परत देताना त्याने विचारलं, "काय, आवडली ना?"

नितीन म्हणाला, "गाडी फार चांगली आहे रे. आमच्या घराला होत नाही." मनाशी ठरवून बोलला होता, आवाजात खंत नव्हती.

महिन्याभराने आम्ही बुटकी, साधी, सरकत्या दाराची गाडी घेतली. घाटात ती धापा टाकते, आणि मला पुन्हा मळमळतं. ओढा वगैरे तिला झेपणार नाही. दुकानात आम्ही बाजूला उभे राहिलो. आईंनी दार सरकवलं, आत जाऊन बसल्या, बाहेर आल्या, पुन्हा बसल्या, आणि मग आम्ही कागदावर सही केली.

त्या प्रवासाचा विचार केला की मला आधी आठवतो तो वट्टा. टँकरचं पाणी मोजून वापरणाऱ्या गावाने आमच्या माणसासाठी ते दोन्ही हातांनी ओतलं. आमच्या घरातली एक तहान आम्हाला दिसली नव्हती, ती परक्या बाईला पहिल्या नजरेत दिसली. त्या उपकारांची फेड कशी करायची हे मला माहीत नाही. वर्षातून दोनदा तिकडे जाऊन येतो, एवढंच.

गेल्या रविवारी मी धाकटीला मांडीवर घेऊन बसले होते. आई स्वयंपाकघरातून आल्या, हात पुसत उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "आंबाजोगाईला कदी जायचं? देवीचं दर्शन राहिलंय माजं. तितनं पुढं औंढ्यालाबी जाऊ म्हणते."

लग्नाला दहा वर्षं झाली, कुठे जायचं हे आईंनी मला पहिल्यांदाच सांगितलं होतं.