बोक्याचं इन्सुलिन

गावात मला हसतात, ते मला माहीत आहे. मांजराला सुई देणारी बाई म्हणून मुरबाडच्या बाजारापर्यंत माझी ख्याती पोचली आहे. हसोत बापडे. बोक्याचा डायबेटिस मी काही हौसेने घरात आणला नाही. तो पाणी पिऊन पिऊन मोरीत मुतायला लागला, पाठीचा कणा हाताला लागू लागला, तेव्हा मी त्याला पिशवीत घालून कल्याणला नेलं. आमच्या गुरांच्या डॉक्टरांना म्हशीच्या सडापासून शेळीच्या खुरापर्यंत सगळं कळतं, पण मांजराचा कान टोचून साखर बघायची म्हटल्यावर त्यांनी हात जोडले.

बोका मुळात माझा नव्हे, माझ्या धाकट्या दिराचा. दीर तानशाच्या पाइपलाइनवर पहाऱ्याला होता. एका संध्याकाळी तिथूनच त्याने हे पिल्लू शर्टाच्या आत घालून आणलं आणि त्याला हाताने भरवून मोठं केलं. दीर गेल्यावर जावेने बोक्याला घरात घेणं बंद केलं, म्हणून तो माझ्याकडे आला. तिचं घर म्हणजे माझ्याच घराचा दुसरा अर्धा भाग. मध्ये विटांची भिंत आहे. तिला गिलावा नाही, कारण तो कोणी करायचा हे दोन्ही भावांच्या हयातीत ठरलं नाही. आता भावांपैकी कोणीच उरलेलं नाही. आम्ही दोघी विधवा भिंतीच्या दोन बाजूंना राहतो आणि आमच्यात अबोला आहे.

अबोला सुयांवरून पडला. दिरालाही इन्सुलिन मीच टोचायचे. जावेचा हात थरथरायचा आणि मी पडले शाळामास्तरीण, चष्मा लावून सिरिंजवरच्या बारीक रेघा वाचू शकणारी. काम माझ्या गळ्यात पडलं. मी सकाळ-संध्याकाळ तिच्या घरात जायची, दीर सदरा वर करून विचारायचा, "वैनी, आज किती?" आकडा वाढतच गेला. डॉक्टर दरवेळी खेकसायचे, पथ्य पाळत नाही म्हणायचे. जाऊ देवाची शपथ घेऊन सांगायची, नाचणीच्या भाकरीशिवाय घरात काही देत नाही. मी तिची बाजू घेऊन डॉक्टरांशी भांडले आहे. मग एका दुपारी तो गेला. हार्ट, असं सांगण्यात आलं. तेराव्याला भरल्या ओटीवर, चार पाहुण्यांसमोर जाऊ म्हणाली की हिने सुया टोचून टोचून माझा माणूस मारला. मी हातातलं ताट खाली ठेवून उठून आले.

तेव्हापासून आमचं बोलणं बोक्यातर्फे. आमच्याकडे अबोला असला तरी कामाचं सांगावं लागतंच. नळाला पाणी आलं, गॅसवाला आलाय, असं काही असेल की मधल्या अंगणात उभं राहायचं आणि मांजराला सांगायचं. "बोक्या, उद्या लाइट नाय हां," असं ती म्हणायची आणि मी रात्रीच पीठ दळून घ्यायची. बोका दोघींकडे आळीपाळीने बघत जांभई द्यायचा. त्याच्याशिवाय भिंतीच्या त्या बाजूहून या बाजूला कोणी येत-जात नव्हतं.

कल्याणच्या डॉक्टरांनी एका युनिटापासून सुरुवात करायला सांगितली. सकाळी एक, संध्याकाळी एक, पोटात अन्न गेल्यावर. संध्याकाळच्या सुईआधी कानाच्या कडेला टोचून साखर बघायची आणि आकडा फोनवर कळवायचा. भात बंद, भाकरी बंद, दूध बंद. उकडलेलं चिकन तेवढं द्यायचं. मांजराच्या बाबतीत अर्ध्या युनिटानेही घोटाळा होतो, असं त्यांनी बजावलं. साखर एकदम उतरली तर काय होतं, तेही नीट समजावलं: लटपटतं, थरथरतं, मग फिट येते, तशा वेळी आधी हिरड्यांना मध चोळा आणि मग मला फोन करा. मी ऐकत होते आणि आतून जळत होते. दिराच्या वेळी हे मला कोणी सांगितलं नव्हतं. माणसांच्या डॉक्टरांना तेवढी फुरसत नव्हती. जंगलातला मध विकायला येणाऱ्या बाईकडून मी एक बाटली घेतली आणि फडताळात पुढेच ठेवली.

साखर काही उतरेना. संध्याकाळी बोका दिवेलागणीनंतर कुठून तरी यायचा, मी कान टोचायची, आकडा तस्साच वर. एकाचे दीड झाले, दोन झाले, तीन झाले. डॉक्टरांनी फोनवर विचारलं, "आजी, भातबीत देता का?" तोच सूर. मला इतका राग आला की मी त्यांना म्हटलं, मी चौतीस पोरांच्या वर्गाला शिस्त लावली आहे, एका मांजराचं पथ्य मला पाळता येत नाही होय? त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला आणि डोस वाढवला. शेवटी पाच युनिटं झाली. बोक्याच्या मानेवरची चामडी चिमटीत धरून मी पाच युनिटं द्यायची, आणि तो बिचारा तोंड फिरवून बसायचा.

मग जाऊ माहेरी गेली. तिचं माहेर वैशाखरे, भावाने नवं घर बांधलं होतं, त्याची वास्तुशांत होती. सकाळी अंगणात येऊन तिने बोक्याला सांगितलं की मी उद्या येते, दाराकडे लक्ष ठेव. मी ऐकलं. त्या संध्याकाळी बोका लवकर आला. त्याच्या दोन्ही कानांना खपल्या धरल्या होत्या, म्हणून साखर बघायची राहू दिली आणि रोजची सुई दिली. दुसऱ्या दिवशी सकाळीही दिली.

दुपारी मी तांदूळ निवडत होते. बोका ओटीवरून उठला, दोन पावलं दारू प्यायल्यासारखा चालला आणि कोसळला. चारी पाय ताठ, जबडा आवळलेला, सगळं अंग थरथरत होतं. मी मध घेऊन धावले आणि बोटाने त्याच्या हिरड्यांना चोळत राहिले. तो मला कडकडून चावला, तरी चोळत राहिले. मशीनने आकडासुद्धा दाखवला नाही, इतकी साखर उतरली होती. हळूहळू त्याचे पाय सैल झाले. फोनवर डॉक्टरांनी आधी पुढच्या सुया थांबवल्या आणि मग म्हणाले, "आजी, हा आजवर कुठेतरी काहीतरी खात होता. काल त्याला ते मिळालं नाही. आपण त्या खाण्याच्या हिशेबाने डोस चढवत गेलो."

उन्हं कलताना जाऊ एसटीतून उतरून आली. बोका माझ्या मांडीवर पडला होता, मधाने चिकट, मान अजून डुगडुगत होती. ती अंगणातच थांबली. मी तिच्याकडे बघून, त्या तेराव्यानंतर पहिल्यांदा, सरळ विचारलं, "तू याला काय खायला घालतेस गो?"

तिने पिशवी खाली ठेवली. यांच्या नावाचा घास ठेवते, म्हणाली, रोज तिन्हीसांजेला मागल्या पायरीवर. दूधभात, वर तूप-साखर. मी याला देत नाय, तो आपला येऊन खातो, मला वाटायचं चांगलंच आहे, त्यांचाच बोका.

मी तिला नको नको ते बोलले. मांजराला गोडाची चवच कळत नाही, हे मला डॉक्टरांनी सांगितलं होतं. म्हणजे हा मेला तुपासाठी ते चाटूनपुसून खात होता आणि साखर फुकटची अंगात भरत होती. पाच युनिटं, मी म्हटलं, तुझ्या वाटीभर भातापायी मी या एवढ्याशा जिवाला पाच युनिटं टोचली, आणि काल तू वाटी ठेवायला नव्हतीस. एवढं तरी सांगायचंस, अंगणात उभं राहून बोक्यालाच सांगायचंस.

"ताई, तुमी कदी इचारलंत?" ती म्हणाली. मग पदराने तोंड पुसत, जणू स्वतःचीच बाजू मांडत असल्यासारखी म्हणाली, "त्यांना लय आवडायचा दूधभात. त्यांनापन रोज द्यायची मी, तुमी सुई देऊन गेलात की. मानूस जेवाय मागतो, नाय कसं म्हनू?"

दीर गेला त्याच्या आदल्या सकाळी ही अशीच वैशाखऱ्याला गेली होती, भावाच्या लग्नाला. ते दोन दिवस त्याला जेवायला मी वाढलं. भाकरी आणि पालेभाजी, पथ्याची, मोजून. आणि सुई रोजचीच दिली. दुसऱ्या दुपारी ताक घेऊन गेले तेव्हा तो खाटेवर घामाने भिजला होता.

जाऊ बोक्याच्या डुगडुगत्या मानेकडे बघत होती. ती अडाणी असेल, पण बावळट नाही. तिचा चेहरा माझ्यासमोर बदलत गेला. शेवटच्या वेळी त्याच्याजवळ मी एकटीच होते, आणि तो कसा गेला हे तिने मला आजवर विचारलं नव्हतं.

"हे पन असेच थरथरत होते?" तिने विचारलं.

मला नाही म्हणता आलं असतं. इतकी वर्षं तिने मला खुनी म्हणून वागवलं, त्याचा राग होता, आणि तिची दयाही येत होती. कशामुळे बोलले ते अजून मला सांगता येत नाही.

"हो," मी म्हटलं.

तिने पिशवी उचलली आणि आत जाऊन दार लावून घेतलं. त्या संध्याकाळी मागच्या पायरीवर वाटी नव्हती, आणि त्यानंतर कधीच ठेवली गेली नाही. बोका अजून दिवेलागणीला तिथे जाऊन बसतो. जाऊ त्याला ओलांडून जाते. आता ती बोक्याशीही बोलत नाही, त्यामुळे पाणी कधी आलं, लाइट कधी जाणार, हे मला कळत नाही.

डॉक्टरांनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. बोक्याला आता एक युनिट पुरतं. दिराला मी शेवटी चाळीस टोचत होते.