चार बाटल्या आणि एक चौकशी

होणारा जावई पितो का, याची चौकशी करायला आमच्या घरच्यांनी मला पाठवलं आणि मी पिऊन परत आलो.

खरं तर एवढ्यात सगळं आलं. पण माझी बायको म्हणते, सांगायचंच असेल तर मधलं गाळून स्वतःची बाजू सावरू नका, सगळं सांगा. म्हणून सांगतो.

दोन हजार साल उलटून पाच-सहा वर्षं झाली होती. नाशिकच्या आसपास द्राक्षांची वाइन व्हायला लागली होती आणि माझं द्राक्षांच्या औषधांचं दुकान होतं. (फवारणीच्या औषधांचं. गैरसमज नको.) बागायतदार गिऱ्हाइकांबरोबर महिन्यातून एकदा हायवेच्या ढाब्यावर बसणं व्हायचं. बर्फासारखी गार बिअर, खारे शेंगदाणे, की झालं. तेवढ्या भांडवलावर घरातल्यांनी मला या विषयातला जाणकार ठरवून टाकलं होतं. बायकोने वेगळा शब्द ठरवला होता, तो इथे लिहीत नाही.

माझ्या ताईची मुलगी रेवती लग्नाची होती. तिचे वडील, म्हणजे आमचे दाजी, ओझरच्या कारखान्यात तपासणी खात्यात होते. विमानाचे सुटे भाग तपासता तपासता त्यांना माणसंही तशीच तपासायची सवय लागली होती. जावयाबद्दल त्यांची अट एकच. शिक्षण थोडं कमी चालेल, केस कमी चालतील, पण मुलगा पिणारा नको.

गंगापूर रोडच्या कौस्तुभचं स्थळ आलं. अमेरिकेत फूड कंपनीत नोकरी, महिन्याच्या रजेवर आलेला. बघण्याचा कार्यक्रम झाला, दोघं गच्चीत दहा मिनिटं बोलून खाली आली आणि रेवतीने मुलगा पसंत असल्याचं सांगून टाकलं. दुसऱ्या दिवशी ती माझ्या दुकानात हजर.

"मामा, तो बिअर बनवतो."

"घरी?"

"कंपनीत रे. छोटी कंपनी आहे. क्राफ्ट बिअर म्हणतात, थोडी थोडी करतात आणि मन लावून करतात. मला त्याने पहिल्या पाच मिनिटांत खरं सांगितलं. त्याच्या आईला माहीत नाहीये. तिला वाटतं, फूड म्हणजे बिस्किटं."

"मग पीत असणारच की."

"पीत नाही, चव घेतो. कामच आहे ते त्याचं. बाबा चौकशीला कुणाला तरी पाठवणारच, तर तू जा. तू समजून घेशील. मला हाच मुलगा हवाय, मामा."

बोलता बोलता पोरीचे डोळे भरले. मी छाती ठोकून म्हटलं, "तू निर्धास्त राहा. मामा आहे ना." संध्याकाळी दाजीही म्हणाले, "चौकशीला तुम्हीच जा. यातलं तुम्हालाच कळेल." 'तुम्हालाच' वर त्यांनी जो जोर दिला तो मला झोंबला, पण मोठ्या कामापुढे मी तो गिळला.

रविवारी सकाळी अकराला मी कौस्तुभच्या घरी पोचलो. त्याचे आईवडील देवीच्या दर्शनाला वणीला गेले होते, संध्याकाळपर्यंत यायचे नव्हते. जेवणाच्या टेबलावर चार मोठ्या तपकिरी बाटल्या, आठ ग्लास आणि एक वही. मुलगा इतका सालस की मला आधी प्रश्नच सुचेना.

"मामा, रेवती म्हणाली तुमच्यापासून काही लपवू नको. कपड्यांत गुंडाळून आणल्यात. मी काय काम करतो ते तुम्हाला दाखवतोच."

मी खिशातून शेवेची पुडी काढली. त्याने ती हळूच बाजूला ठेवली. "तिखटाने जीभ बधिर होते, मामा." मग मी बर्फ मागितला, तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर जे दुःख पसरलं ते बघून मी बर्फही सोडला.

पहिली होती पेल एल. त्याने दोन ग्लासांत थोडी थोडी ओतली.

"आधी वास घ्या. काय येतंय?"

"बिअरचा वास येतोय."

"अजून?"

मी नाक पार आत घातलं. "लिंबाची साल... आणि सकाळी बागेत गवत कापतात ना, तसं काहीतरी."

"वा," म्हणत त्याने ते वहीत लिहून घेतलं. मी बोललेलं कुणीतरी लिहून घेतलंय, असं माझ्या आयुष्यात प्रथमच घडत होतं. माझी मान ताठ झाली.

मग त्याने समजावलं. हॉप्स नावाची वेल असते, तिला हिरवी फुलं येतात, बिअरला कडवटपणा आणि वास त्या फुलांचा. इंग्रज लोक जहाजांतून हिंदुस्थानात बिअर पाठवायचे, ती वाटेत टिकावी म्हणून ही फुलं जास्त घालायचे. म्हणून नाव पडलं इंडिया पेल एल, आयपीए.

"म्हणजे मुळात आपलीच," मी म्हटलं.

"तसं अगदी नाही, मामा."

"आपलीच," मी म्हटलं आणि दुसरा ग्लास देशाभिमानाने उचलला.

ही इंग्रजी पद्धतीची आयपीए. हिच्यात खरपूस भाजलेल्या बिस्किटाचा वास, जरा मुरंब्याची गोडी आणि कडवटपणा मागून, गुपचूप. तिसरी अमेरिकन पद्धतीची. हिचं तसं नाही. पहिल्याच घोटाला पपनस, मग नव्या लाकडाच्या खोक्याचा वास आणि लगेच कडू, पाडव्याला गूळ न घालता कडुनिंब चावावा तसं. "दुसरी घरंदाज आहे, तिसरी भांडकुदळ आहे," असा अभिप्राय मी दिला. तोही त्याने लिहून घेतला.

इथवर सगळं नीट चाललं होतं. घात झाला तो माझ्यावरच्या संस्कारांमुळे. कौस्तुभ करायचा काय, एक घोट घ्यायचा, तोंडात घोळवायचा, वहीत लिहायचा आणि उरलेला ग्लास घेऊन बेसिनकडे निघायचा.

"अहो, हे काय करताय?"

"ओतून देतो. चव कळली, मामा. एवढं कोण पिणार?"

आता आमच्या आईने आम्हाला ताटात भाताचं शीत टाकू दिलेलं नाही. जास्त वाढून घेतलं तर रडत का होईना, पण संपवायला लावायची. माझ्यादेखत मुलगा साता समुद्रापलीकडून आणलेला माल मोरीत ओतणार आणि मी बघत बसणार, हे कसं जमावं? "आणा इकडे," मी म्हटलं. मग त्याचा ग्लास मी संपवायचो. मग बाटलीत उरलेलं. "उघडी राहिली तर गॅस उडून जाईल ना?" "उडेल." "मग आणा." असं करत एकेक बाटली वाया जाण्यापासून वाचवत मी चौथीपर्यंत आलो.

चौथी होती डबल आयपीए. नावातच सगळं होतं, पण तोपर्यंत मला वाचता कुठे येत होतं? चव गोडसर, पिकल्या आंब्याची, कडवटपणा असा लपलेला की नंतर सापडला तेव्हा उशीर झाला होता. कौस्तुभ म्हणाला, "मामा, ही ढाब्यावरच्या बिअरच्या जवळजवळ दुप्पट कडक असते." मी म्हटलं, "मीसुद्धा." याचा अर्थ काय, ते मला आजही माहीत नाही. मग म्हणे मी त्याला सांगितलं की ही द्राक्षावरच्या भुरीवर फवारली तर रोग जाईल. नंतर त्याला मिठी मारली, "पोरी, तुझं नशीब" असं म्हणत रडलो आणि दुसरी जास्त चांगली की तिसरी, यावर एकट्यानेच वाद घातला. तो बिचारा माझ्यासाठी सरबताला लिंबं शोधत होता. त्याआधी त्याने स्वतःचे चार ग्लास धुऊन, पुसून कपाटात लावून टाकले होते.

आणि दार उघडलं. गडावर गर्दी फार म्हणून कौस्तुभचे आईवडील पायथ्यापासूनच हात जोडून परतले होते. कौस्तुभची आई मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेली. हातात प्रसादाची पिशवी, समोर टेबलावर चार रिकाम्या बाटल्या, चार ग्लास आणि त्यांच्यामागे मी.

"काय चाललंय हे?"

कौस्तुभचा चेहरा पांढराफटक पडला. शहाण्या माणसाने अशा वेळी गप्प राहावं. मी मान देण्यासाठी उठलो, तसाच परत बसलो आणि म्हणालो, "या वहिनी, बसा. तिसरीत पपनस आहे."

"कौस्तुभ, यांना रिक्षात बसवून दे," त्या म्हणाल्या.

मी रिक्षाने थेट ताईकडे गेलो, कारण अहवाल द्यायचा होता. दारातच दाजी. "दाजी, मुलगा एकदम निर्व्यसनी. शंभर टक्के," मी सांगितलं. दाजींनी मला नीट न्याहाळलं. "बरं," ते म्हणाले. एवढं ऐकून मी समाधानाने त्यांच्या चपलांच्या स्टँडशेजारी आडवा झालो.

दुसऱ्या दिवशी मध्यस्थाचा फोन आला. मुलगी लाखात एक आहे, पण तिचा मामा भरदुपारी लोकांच्या घरी परदेशी बाटल्या घेऊन जातो आणि मुलाला बिघडवायला बघतो, तेव्हा हे जमणार नाही. ताईने चहा दिला, तो शेजाऱ्याला देतात तसा दिला. रेवती रडली असती तर बरं झालं असतं. ती फक्त म्हणाली, "मी तुला भरवशाने पाठवलं होतं, मामा." चारही बाटल्यांत मिळून तेवढा कडूपणा नव्हता. दोन दिवस मी दुकानाचं शटर वर केलं नाही. आरशात बघायची लाज वाटत होती, म्हणून दाढीही केली नाही.

तिसऱ्या दिवशी कौस्तुभचा फोन. "मामा, मी आईला खरं सांगून टाकतो."

"मुळीच नाही. तुझी आई एकीकडून लग्न मोडेल आणि आमचे दाजी दुसरीकडून. गप्प राहा."

आणि मी त्याच्या आईला भेटायला गेलो, दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून. त्यांनी मला बसायला सांगितलं नाही.

"बाटल्या तुमच्या होत्या?"

"हो." (जवळजवळ सगळा माल माझ्या पोटात गेला होता, तेव्हा हे फारसं खोटं नव्हतं.)

"रोज घेता?"

"नाही हो."

"मग रविवारी एवढी का घेतलीत?"

"वाया जाईल म्हणून."

त्या दिवशी मी बोललेलं हे एकमेव शंभर टक्के खरं वाक्य, आणि त्यांनी विश्वास ठेवला नाही तो नेमका यावरच. दाराआड कौस्तुभच्या पायांची सावली दिसत होती. मी म्हटलं, "वहिनी, मी चुकलो. मला काय वाटेल ते बोला, पण माझी शिक्षा त्या पोरीला नको. ती तर माझ्याशी बोलतसुद्धा नाही आता."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. पुढच्या बाकावर न बसवता येणाऱ्या मुलाकडे बघतात तसं. मग म्हणाल्या, "मुलगी आम्ही करून घेऊ. पण मंगलाष्टकांना मुलीच्या मागे मामा उभा असतो. तेव्हा तुम्ही शुद्धीवर हवेत."

लग्न दुपारच्या मुहूर्ताचं होतं. त्या दिवशी मी सकाळपासून पाणीसुद्धा वास घेऊन पीत होतो. फेटा बांधला, रेवतीचा हात धरून तिला पाटावर आणलं. "घाबरू नकोस रे," ती हळूच म्हणाली, आणि एवढ्या दिवसांनी ती माझ्याशी बोलली म्हणून माझेच डोळे भरून आले. अंतरपाट धरला गेला, लोकांनी मुठीत अक्षता घेतल्या, गुरुजींनी घसा साफ केला.

"एक मिनिट, गुरुजी."

पैठणी सावरत कौस्तुभच्या आई अंतरपाटाला वळसा घालून आमच्या बाजूला आल्या. माझे डोळे लाल झालेले त्यांनी लांबूनच हेरले होते. त्या थेट माझ्यासमोर उभ्या राहिल्या.

"मामा, हा करा."

दाजी छताकडे बघत होते. मी 'हा' केलं. त्यांना समाधान वाटेना, म्हणून त्यांनी मला आणखी एकदा, जरा मोठ्याने करायला लावलं. मग गुरुजींकडे वळून म्हणाल्या, "वेलची आहे. चालू द्या."

अंतरपाटापलीकडे बिअर बनवणारा मुलगा मुंडावळ्या बांधून सोवळ्यात उभा होता, त्याला कुणी काही विचारलं नाही. मुहूर्त अडला होता तो माझ्या तोंडापाशी.