पहिल्या फटक्यात फुटलेला नारळ

राग गिळावा, माफ करावं, पुढं जावं असं सांगणारी माणसं मला भेटतात, तेव्हा मी त्यांना चहा विचारते आणि विषय बदलते. मी माफ करणाऱ्यांतली नाही. माझ्या मुलीचं डोकं ज्याच्या मैदानावर आपटलं त्या ठेकेदाराला मी आजही माफ केलेलं नाही. त्याचा सूड घेता यावा म्हणून मी माझं काम बदललं. लोक आवडीनं काम निवडतात, मी रागानं निवडलं, आणि मला ते चांगलं जमतं.

मुलगी तेव्हा नववीत होती. खडकवासल्याच्या रस्त्याला, तासावर भाड्यानं मिळणाऱ्या एका टर्फवर तिच्या फुटबॉल संघाचा सराव असायचा. प्लास्टिकचं हिरवंगार गवत, चारी बाजूंनी जाळी, वर दिवे. चेंडू डोक्यानं मारायला ती उडाली, दुसऱ्या मुलीला धडकली आणि उताणी पडली. मी जाळीबाहेर बाकावर बसले होते. डोकं आपटल्याचा आवाज माझ्यापर्यंत आला. गवतावर पडलेल्या माणसाचा असा आवाज येत नाही.

दवाखाना, तपासण्या, पडदे ओढलेली खोली, सगळं झालं. हळूहळू ती शाळेत जायला लागली. नातेवाईक म्हणाले, थोडक्यात निभावलं. मग एका संध्याकाळी मी भाजी घेऊन आले तर जिन्यातच करपलेल्या दुधाचा वास. धावत घरात शिरले. ही ओट्याशेजारी स्टुलावर भूगोल वाचत बसली होती आणि हाताच्या अंतरावर पातेलं काळंठिक्कर झालं होतं. मी ओरडले तेव्हा तिनं वर पाहिलं. "आई, मला कळलंच नाही गं," म्हणाली. डॉक्टरांनी सांगितलं की डोक्याला मार बसला की कधी कधी वास कळायचा थांबतो. परत कळेल, किंवा नाही कळणार. नाहीच कळला.

मी तेव्हा सिमेंटचे ठोकळे दाबून फोडून त्यांची ताकद मोजणाऱ्या एका प्रयोगशाळेत नोकरीला होते. म्हणजे कठीण काय आणि मऊ काय, यावरच माझं पोट. मी त्या टर्फवर परत गेले आणि एका सुटलेल्या शिवणीत बोटं घालून गवताचा गालिचा उचलून पाहिला. खाली थेट काँक्रीट. गालिच्याखाली फोमचा एक जाड थर घालायचा असतो, त्याला पॅड म्हणतात. पडणाऱ्याचा मार तो थर खातो. तो तिथं नव्हताच.

टर्फ ज्यानं बांधलं त्या ठेकेदाराच्या ऑफिसात गेले. त्यानं मला बसवलं, पंखा वाढवला, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मॅडम, खरं सांगू का? मुलींना पडता येत नाही. मुलं बघा, कशी लोळण घेतात." वर चहा मागवला. त्याच्याकडून काहीतरी वसूल व्हावं म्हणून मी तो चहाही प्यायले, आणि उठताना ठरवलं की या माणसाला मी एक दिवस त्याच्याच गवतावर लोळवणार.

मग मी मैदानं तपासायला शिकले. ठोकळ्यांची नोकरी सोडली आणि मैदानांची तपासणी करणाऱ्या एका संस्थेत शिरले. काम तसं सरळ आहे. माणसाच्या डोक्यासारखा गोलसर, जड धातूचा गोळा वेगवेगळ्या उंचीवरून सोडायचा. त्याच्या पोटात बसवलेलं यंत्र सांगतं की एवढ्या उंचीवरून इथं डोकं पडलं तर त्याचं काय होईल. शिवाय चेंडू किती घरंगळतो, पाणी किती वेळात मुरतं, एप्रिलच्या उन्हात प्लास्टिक किती तापतं, गवतातली वाळू आणि रबराचे दाणे सगळीकडे सारखे पसरलेत का, हेही पाहायचं. दरवेळी गोळा सोडताना मला एकच डोकं दिसायचं. वर्षं गेली. इतरांची मैदानं मी पास केली, नापास केली, पण त्या ठेकेदाराचं मैदान काही माझ्या वाट्याला येईना. तो तपासणी लागणार नाही अशीच कामं घ्यायचा. मी वाट पाहिली. वाट पाहणं हे पुणेरी माणसाला शिकवावं लागत नाही, दुकानं एक ते चार बंद असतात.

शेवटी येरवड्याच्या बाजूला एका शाळेनं त्याला मैदान दिलं. तिथल्या मुख्याध्यापिका कडक होत्या. तपासणीचा दाखला मिळाल्याशिवाय एकही मूल मैदानावर उतरणार नाही, असं त्यांनी त्याला बजावलं होतं. पण उद्घाटनाचा मुहूर्त ठेकेदारानंच काढून आणला होता, पाहुणेही ठरले होते. म्हणून तपासणी त्याच सकाळी उरकायची ठरली. मी गोळा घेऊन हजर झाले. रेशमी झब्बा घालून आणि डोक्यावर फेटा बांधून ठेकेदार समोर आला. त्यानं मला निरखून पाहिलं.

"आपण कुठं भेटलोय का?"

"पुणं लहान आहे," मी म्हटलं.

कुठं कुठं गोळा सोडायचा, याच्या जागा नियमात आखून दिलेल्या असतात. मैदानाचा मध्य, दोन्ही गोलपोस्टांपुढचा भाग, अशा. त्या साऱ्या जागी मैदान पास झालं. नुसतं पास नाही, उत्तम! आकडे पाहून माझा चेहरा पडला. शेकडो मुलांसाठी चांगलं मैदान झालंय आणि मला त्याचं वाईट वाटतंय, हे मला कळत होतं. तरीही वाईट वाटत होतं. आणखी चार जागी गोळा सोडावा म्हणून मी निघाले, तर त्यानं हात आडवा केला. "मॅडम, नियमात आहे तेवढं झालं ना? पूजा आहे. मुहूर्त टळेल." भटजी आलेच होते. मला माझा गोळा उचलून मांडवाच्या कडेला जाऊन उभं राहावं लागलं.

आता यात एक गोष्ट आमच्या धंद्यातली. चांगल्या मैदानावर नारळ फुटत नाही. खाली पॅड असला की तो दबतो आणि नारळ उसळी मारून पाहुण्यांच्या पायाशी येतो. मी एका ठिकाणी पाहुण्यांना घाम फुटलेला पाहिलाय, पण नारळ फुटलेला नाही. म्हणून जाणती माणसं पूजेला एक दगड आणून ठेवतात. इथंही आणला होता. पण तो भटजींच्या चौरंगाखाली गेला होता, आणि पाहुणे उत्साही होते. फाटकाजवळच्या कोपऱ्यात, फोटोवाल्यांकडे बघत, त्यांनी नारळ सरळ गवतावर आपटला.

एका फटक्यात दोन शकलं. पाणी थेट मुख्याध्यापिकांच्या साडीवर उडालं.

टाळ्या पडल्या. सगळ्यांत जोरात ठेकेदारानं वाजवल्या. "पहिल्या फटक्यात! मैदान पावलं बघा!" असं तो माईकवर म्हणाला. इतकी वर्षं गवत अंथरूनही त्या माणसाला कळलं नव्हतं की तो कशाला टाळ्या वाजवतोय. कारण सगळीकडे पॅड घातलेलं मैदान त्यानं बहुधा कधी पाहिलंच नव्हतं. मला इतका आनंद झाला की हसू दाबायला पदर तोंडाला लावावा लागला. मी मुख्याध्यापिकांजवळ गेले.

"बाई, नारळ फुटला."

"हो, छान फुटला," त्या साडी झटकत म्हणाल्या.

"फुटायला नको होता."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी सगळं सांगितलं, हळू आवाजात नाही. त्या म्हणाल्या, "मग टाका तुमचा गोळा. आत्ता." ठेकेदार मध्ये आला, कार्यक्रम चालू आहे म्हणाला, पाहुणे म्हणाला, अपशकुन म्हणाला. बाईंनी त्याच्याकडे लक्षही दिलं नाही. नारळाची शकलं बाजूला करून मी तिथंच गोळा सोडला. गुडघ्याएवढ्या उंचीवरून सोडला तरी आकडा धोक्याच्या पार गेला. मांडवात खुर्च्या सरकल्याचे आवाज आले. शिवण उकलायला मी त्याच्याच एका कामगाराला बोलावलं. तो चाकू घेऊन आला, जागा पाहिली आणि भाबडेपणानं म्हणाला, "मॅडम, पॅड हितं नाय. तिकडं मधी हाय."

मग आम्ही मधलाही भाग उघडला. तिथं खालच्या डांबरात खोलगट चौकोन ठेवले होते आणि नेमके त्या चौकोनांत पॅडचे तुकडे बसवले होते. म्हणजे आमच्या तपासणीच्या जागा तेवढ्या मऊ. चुकून राहिलं, असं म्हणायला वावच नव्हता. डांबर टाकतानाच हे आखलेलं होतं.

"अहो, पण कोपऱ्यात कोण पडतं?" ठेकेदार म्हणाला. आवाज चिरकला होता.

"आपण पडून दाखवा," मी म्हटलं. "उताणे. आपल्याला तर पडता येतं."

सगळे त्याच्याकडे बघत होते. मुलांची रांग, शिक्षक, पाहुणे, भटजी. त्यानं खाली पाहिलं, गवताकडे. फेट्यावर हात ठेवला. पडला नाही. एवढं पुरेसं होतं. बाईंनी मांडवातच त्याला नारळ दिला, म्हणजे कामावरून काढलं. आणि खरा नारळही दिला. अर्धं शकल त्याच्या हातात ठेवून म्हणाल्या, "प्रसाद घेऊन जा." अशा बाईंच्या हाताखाली मला शिकायला मिळायला हवं होतं.

तो आठवड्यानं घरी आला. पत्ता कुणाकडून काढला कोण जाणे. दार मुलीनं उघडलं. ती आता कॉलेजात आहे. तो येऊन बसला आणि आमची छोटी बैठकीची खोली अत्तरानं भरून गेली. डोकं चढावं इतकं अत्तर. मला ठसका लागला. मुलीनं त्याला पाणी दिलं, त्याच्याशेजारीच बसली आणि हसून विचारपूस केली.

"आठवलं मला, मॅडम," तो म्हणाला. "पण बघा ना, देवाच्या दयेनं बेटी किती छान आहे. काही झालं होतं असं वाटत तरी का? आता बाकीच्या शाळांना उगीच कळवू नका. माझीही पोरंबाळं आहेत."

मी म्हटलं, "तुम्ही अत्तर कुठलं लावलंय, ते तिला विचारा."

तो गोंधळला. मुलीनं त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"अत्तर लावलंय?" तिनं विचारलं.

त्यानं ग्लास खाली ठेवला. चपला घालताना त्याला त्या पटकन सापडेनात. मी दार धरून उभी राहिले, तो जिना उतरेपर्यंत.

"कुठलं होतं गं?" आत आल्यावर मुलीनं विचारलं.

"केवडा."

ती थोडा वेळ आठवत बसली. "कसा असतो गं केवडा? मला आता नाही आठवत."

मी खिडक्या उघडल्या, खुर्ची ओढली आणि त्यानं जिथं जिथं मैदान केलं होतं त्यांतल्या पहिल्या शाळेला फोन लावला.