सोपानची झोप: करमाडच्या रुळांवरचं गाणं

आमच्या कॉलनीत पाण्याचा टँकर रुतला आणि ढकलायला जमलेल्या मंडळींनी नेहमीचं गाणं सुरू केलं. इकडे काहीही ढकलायचं असलं की हेच येतं.

गाडी आली, झेंडी हलली, हैशा
सोपानची झोप नाय झाली, हैशा
साहेब आला, ट्रॉली आली, हैशा
सोपाननं कूस बदलली, हैशा

शेजारचे काका म्हणाले, "हे रेल्वेच्या गँगचं गाणं. करमाडला रचलंय, रचणारा अजून आहे." झालं, मला ब्लॉगला विषय मिळाला. रविवारी सकाळीच स्कूटी काढली.

जालना रोडचं कौतुक करायला माझ्याकडे शब्द नाहीत, शिव्या आहेत. चिकलठाण्यापर्यंत सिग्नल, पुढे शेंद्र्यापर्यंत ट्रकची धूळ. जाणार असाल तर उन्हाच्या आत निघा आणि तोंडाला स्कार्फ बांधा. शंभराचं पेट्रोल जाऊन-येऊन पुरतं. करमाडला फाट्यावर भजी खाल्ली. भजी झकास, पण सोबतच्या मिरचीपासून लांब राहा.

गाणं रचणारे आसाराममामा रिटायर्ड गँगमन, आता करमाडलाच मुलाकडे राहतात. गँग पहारी लावून रूळ सरकवायची, तेव्हा हाळी द्यायचं काम त्यांचं. "एकट्याच्या जोरानं रूळ हालत नाय," ते म्हणाले. "समद्यांचा जोर एका ठोक्यावर पडाय पाहिजे. त्यासाठी गाणं. आता मशीन आली, तिला गाणं लागत नाय."

मी मोबाइलवर रेकॉर्डिंग लावलं आणि हसत विचारलं, "मामा, हा आळशी सोपान कोण हो?"

"आळशी?" मामा माझ्याकडे बघतच राहिले. "लई कामाचा गडी व्हता. खऱ्या आळशाचं नाव गाण्यात घेतलं तर हाणामारी व्हायची. म्हणून सगळ्यात कामाच्या गड्यालाच आळशी म्हणायची रीत. त्याचं नाव आलं की तोच आधी हसायचा, अन् त्या हसण्यावर जोर लागायचा."

मला हे फार आवडलं. ब्लॉग जमला, असं मनात म्हणतही होते. पण मामा थांबले नव्हते.

"मे महिना व्हता. दुपारी सोपान बाभळीखाली जाऊन आडवा झाला, तोंडावर उपरणं. कामात कधी टेकायचा नाय तो. आम्हाला वाटलं, गाण्यातला सोपान करून दाखवतोय. गँग पोट धरून हसली. मी गाणं लावलं, नवी कडवी घातली. सोपान उठंना, मग आणखी हसलो. शेवटी पाणी घेऊन गेलो, उपरणं काढलं, तर डोळे उघडे."

ऊन लागलं होतं. लगेच पाणी मिळालं असतं तर सोपान वाचले असते का, हे मी विचारलं नाही. मामा तेच स्वतःला विचारत जगलेत, हे चेहऱ्यावर दिसत होतं.

पुढे गँगनं गाण्यातलं नाव काढून टाकलं. पण सगळ्यांना जोर लावायची सवय नेमकी त्या नावावर. दुसरं नाव घातलं तर कुणी आधी जोर लावायचा, कुणी मागून. रूळ हलेना. मुकादम ओरडायला लागला आणि चौथ्या दिवशी मामांनीच पुन्हा सोपानचं नाव घेतलं. नवीन भरती झालेली पोरं ते ऐकून हसली. त्यांना काय माहीत? तेच गाणं त्यांनी गावोगाव नेलं.

"लिवायचं असंल तर गयावहिनीला विचारून लिवा," मामा म्हणाले. गयाबाई म्हणजे सोपानची बायको. रुळांच्या पलीकडे राहतात, तूर निवडत बसल्या होत्या. मी कशासाठी आले ते सांगितलं. त्यांनी मान वर केली नाही.

"नातवाच्या शाळेत बी म्हणत्यात ते गाणं," त्या म्हणाल्या. "नातू रडत घरी आला, म्हणला, आजोबा लई झोपायचे का गं? म्या काय सांगू? तुम्ही लिवा बाई. पण ते आळशी नव्हते, एवढं लिवा."

परतताना रस्त्यावर एकदाही चिडले नाही. चिडायला मन जागेवर लागतं. घरी येऊन मी खुळ्यासारखी सोपान किती कष्टाळू होते यावर नवं कडवं जुळवत बसले. नवऱ्याला म्हणून दाखवलं. तो म्हणाला, "चांगलं आहे." हसला नाही. खरी गोष्ट कुणी गाणार नाही, हे मला तिथंच कळलं आणि मी ते कडवं पुसून टाकलं.

तर गयाबाईंनी सांगितलेलं लिहिते. सोपान आळशी नव्हते. हे तुम्ही वाचलंत, तुम्हाला पटलंही असेल. पण उद्या कुठं गाडी बंद पडली आणि चार माणसं ढकलायला आली की तुमच्या तोंडात काय येणार, ते मला माहीत आहे. माझ्याही तेच येतं.