चंद्रावतीची तिसरी हाक

मसोलीच्या बाजारात चंद्रावतीकडून सुके बोंबील घ्यायचे म्हणजे आधी बोलणी खायची, मग बोंबील. "हुंगून काय बघतोस भाऊ, अत्तर आहे काय ते?" असं तिने मला विचारलं की पलीकडचे रिक्षावाले दचकून आपापले हॉर्न तपासायचे. डहाणूच्या किनाऱ्यावर भोंगा बसवायची गरज पडली नाही ती हिच्यामुळे, असं मी एकदा तिच्या तोंडावर म्हणालो होतो. त्या दिवशी वजनात मला चांगलंच कमी मिळालं.

कपाळावर रुपयाएवढं कुंकू. तिचा नवरा नारू बऱ्याच वर्षांपूर्वी होडी घेऊन मासेमारीला गेला. होडी सापडली, नारू सापडला नाही. गावाने दिवस घालायचं सुचवलं तेव्हा हिने सुचवणाऱ्याला कोयता दाखवला. "नारू कुठाय?" म्हटलं की तिचं एकच उत्तर: "यायचाय." जणू साहेब जेवायला गेलेत, बसा. रोज संध्याकाळी ती त्याच्या वाटचा मूठभर तांदूळ जास्त टाकायची. सकाळी तो भात मांजरी खायच्या. नारूच्या नावावर आळीतल्या मांजरी इतक्या सुटल्या होत्या की त्यांना उंदरामागे धावणं कमीपणाचं वाटे.

त्यांच्या आळीत एक जुनी रीत होती. होड्या परतायच्या वेळी बायका किनाऱ्यावर उभ्या राहून गाण्यात तीन हाका घालत. अर्धी ओळ बाईची, अर्धी पाण्यातल्या पुरुषाची. नाव जिच्या तिच्या माणसाचं; चंद्रावतीची हाक अशी असायची:

"नारू रे, दिवा दिसला काय रे?" लांबून उत्तर यायचं, "दिसला गो, दिसला."

"खाडीचं तोंड लागलं काय रे?" "लागलं गो, लागलं."

"पाय तळाला टेकले काय रे?" "टेकले गो, टेकले." तिसरं उत्तर कानावर पडलं की भात चुलीवर चढायचा. आता मोबाइल आले, होडीतूनच अंगठ्याचं चित्र येतं.

पण नेम असा, की पुरुषाची ओळ त्याच्या घरातल्या कुणी म्हणायची नाही. म्हणायची ती एकदाच, माणूस येत नाही हे मान्य करून. मग पाण्यातला सुटतो आणि किनाऱ्यावरचीही. चंद्रावतीने नारूची ओळ कधी ओठावर आणली नव्हती.

अशात ती स्पर्धा आली. जगभरच्या मुलांच्या गाण्यांची. प्रत्येक देशाने एकच गाणं पाठवायचं. आपल्या देशाने एक गाणं निवडायचं म्हणजे अख्ख्या लग्नाचं जेवण एका वाटीत वाढायचं. पश्चिम विभागाची निवड मुंबईला की अहमदाबादला, यावर दोन्हीकडची मंडळी इतकी भांडली की शेवटी कुणाचंच समाधान होऊ नये म्हणून सीमेवरचं तलासरी ठरलं.

चंद्रावतीच्या दिराची मुलगी चिमी मासे वाळवता वाळवता काकीकडून या हाका शिकली होती. तिच्या शाळेतल्या नूतनबाईंनी तिचं नाव पाठवलं. समितीचे जिग्नेशभाई ऐकायला डहाणूला आले. चिमीने हाक घातली आणि गप्प उभी राहिली. पुन्हा हाक, पुन्हा गप्प.

"सरस छे, बेटा," जिग्नेशभाई म्हणाले, "पण मध्ये मध्ये हे खड्डे कसले? हायवे आहे काय?"

"तिथं काकाचं उत्तर असतं."

"मग काकाला... नको, मोठी माणसं चालत नाहीत. तूच बोल. खड्डे भर आणि तलासरीला ये."

जुनं गिऱ्हाईक म्हणून मला मध्यस्थीला घेऊन नूतनबाई चंद्रावतीच्या अंगणात गेल्या. ती सुकत घातलेले मासे परतत होती.

"पोरगी पुढं जाईल हो, विमानात बसेल," नूतनबाई म्हणाल्या.

"आणि माझा माणूस?"

"काकी, नुसतं गाणं आहे ते."

"बाई, तुमच्या मंगळसूत्राला कुणी म्हटलं नुसते मणी आहेत, तर?"

नूतनबाईंचा हात गळ्याशी गेला.

चिमी दारात उभी होती. ती काहीच मागत नव्हती, हेच वाईट. चंद्रावती बराच वेळ मासे परतत राहिली, परतलेलेच पुन्हा. मग म्हणाली, "ये गो चिमे. त्याची ओळ सांगते. मी म्हणायची नाही, नुसते शब्द सांगेन. तू म्हण."

तलासरीच्या त्या हॉलमध्ये भर दुपारी पंखे गरागरा फिरत होते, बाहेर ट्रक बोंबलत होते. आधीच्या मुलांनी मोर, तिरंगा आणि आई यांची बऱ्यापैकी दमछाक केली होती. चिमी उभी राहिली. पहिल्या रांगेत चंद्रावती, तिच्या शेजारी मी.

"नारू रे, दिवा दिसला काय रे?"

चिमीने उत्तरासाठी श्वास घेतला. तेवढ्यात उत्तर आलं.

"दिसला गो, दिसला."

पुरुषाचा आवाज. फार लांबून, वाऱ्यावर आल्यासारखा. तलासरीत, जिथं समुद्र बघायचा तर गाडी करावी लागते. चिमीचं तोंड उघडंच होतं आणि त्यातून काही निघालं नव्हतं.

"नविन! दुसरा माइक बंद कर!" जिग्नेशभाई ओरडले. माइकवाल्या नविनने दोन्ही हात वर केले. माइक एकच होता, आणि तो चिमीपुढे होता.

डहाणूला गप्प बसलेला नारू इथं का बोलला? मला वाटतं, आपली ओळ दुसरंच कुणी म्हणतंय म्हटल्यावर माणूस कुठूनही धावत येतो.

चंद्रावतीची बोटं माझ्या मनगटात रुतली. चिमीने काकीकडे पाहिलं आणि, पाठ केलेलं पोरांच्या तोंडून आपसूक येतं तसं, तिने पुढचं म्हटलं, "खाडीचं तोंड लागलं काय रे?"

"लागलं गो, लागलं."

आता आवाज हॉलच्या दारातून आला. मी वळून पाहिलं. दारात कुणी नव्हतं. पण शेवटच्या रांगांतल्या माणसांनी, का ते त्यांनाही सांगता आलं नसतं, पाय उचलून खुर्चीवर घेतले होते. मग त्यांच्या पुढच्या रांगेने. मग तिच्याही पुढच्या रांगेने. थंड, खारट काहीतरी आमच्या दिशेने येत होतं. स्टेजवर चिमीचे ओठ निळे पडले होते, आणि ते तिसऱ्या हाकेसाठी उघडत होते.

चंद्रावती उठली. त्या वयात ती स्टेजवर कशी चढली देव जाणे. तिने चिमीला पाठीमागे ओढलं, दाराकडे तोंड केलं आणि ज्या आवाजाची आम्ही आयुष्यभर चेष्टा केली त्या आवाजात हाक घातली.

"नारू रे, पाय तळाला टेकले काय रे?"

आणि मध्ये श्वासाइतकीही जागा न ठेवता तिनेच उत्तर दिलं, "टेकले रे बाबा, टेकले."

पंखे फिरत होते. बाहेर एक ट्रक बोंबलला. एकेक करून माणसांनी पाय खाली सोडले. मागे शिपाई फडकं घेऊन फरशी पुसायला लागला आणि पाणी कुणी सांडलं म्हणून पोरांना शिव्या देऊ लागला.

परतीच्या जीपमध्ये चिमी काकीच्या मांडीवर झोपली.

"केवढा तरुण आवाज होता," मग चंद्रावती म्हणाली. "तसाच राहिलाय. मी म्हणायची यायचाय, यायचाय. तो बिचारा तिथंच तरंगत राहिला, भाऊ. मीच टेकू दिलं नाही त्याला."

चिमी बाद झाली. स्टेजवर मोठं माणूस आलं, नियमात बसत नाही. देशातर्फे कुठल्याशा मोरावरचं गाणं गेलं.

तलासरीच्या पुढच्याच आठवड्यात मी बोंबील घेत होतो तेव्हा जिग्नेशभाईंचा मला फोन आला. चंद्रावतीने तो स्पीकरवर लावायला लावला.

"भाई, त्या रेकॉर्डिंगमधला पुरुषाचा आवाज कोणाचा? फार सरस! मोठ्यांची पण एक स्पर्धा छे. त्यांना सांगा ना, या म्हणून."

मी चंद्रावतीकडे पाहिलं. तिच्या कपाळावर कुंकवाच्या जागी हिरवट गोंदण दिसत होतं. ते तिथं आहे हे मला माहीतच नव्हतं. पाटीखाली एक मांजर आशेने बसलं होतं.

"सांग त्यांना," ती म्हणाली, "तो गेला."

मग पदराने तोंड पुसून माझ्यावर ओरडली, "आणि तू घेणार आहेस की नुसता हुंगणार आहेस?"